देवीला हात किती?



मागच्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज हिशोबाची वही जरा बाजूला ठेवू. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रज साहेबांनी आपल्या लेण्यांमधल्या आणि देवळांमधल्या मूर्तींचे फोटो काढले, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. बचत गटाच्या बायांना हा विषय सुचला कुठून, असं तुम्हाला वाटेल. तर तो आम्हाला एका पोलीस ठाण्यात सुचला.

आमच्या गटांच्या कामातली एक वाडी आहे. तिथे विहिरीच्या काठाला लहानसं देऊळ आहे, आणि त्यात हातभर उंचीची दगडी देवी होती. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात, पावसाच्या एका रात्री ती चोरीला गेली. सकाळी दिवा लावायला गेलेल्या बाईला रिकामा चौथरा दिसला. गटातल्या आम्ही सात-आठजणी ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न आला, "फोटो आहे का?" नव्हता. गाभाऱ्यातल्या देवीचा फोटो काढायचा नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मग विचारलं, "बरं, मूर्ती कशी होती ते सांगा. उभी की बसलेली? हात किती? हातात काय?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. चांदीचे डोळे सांगितले, नथ सांगितली, हिरवा खण सांगितला, कपाळभर मळवट सांगितला. पण शेंदराच्या थराखाली देवीला दोन हात होते का चार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बरोबर आलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीलाही नव्हतं. तिच्या सासूनेही देवी शेंदरातच पाहिलेली.

ठाण्यातल्या माणसांना आम्ही दोष देत नाही. डोळे आणि नथ चोराने पहिल्या रात्रीच उतरवली असणार. शेंदूर खरवडला की उरतो तो दगड, आणि त्या दगडाची खूण आमच्यातल्या एकीलाही सांगता आली नाही. जिच्यापुढे लेकरांची जावळं काढली, जिला दर मंगळवारी नारळ फोडला, तिचं वर्णन करताना आमची वाचा बसली.

त्यानंतर काही दिवसांनी गटातल्या एकीच्या मुलीने, ती कॉलेजात इतिहास शिकते, आम्हाला मोबाईलवर जुने फोटो दाखवले. वेरूळ, अजिंठा, घारापुरी, कार्ले, बदामी. सगळे शंभर वर्षांहून जुने, पिवळट तपकिरी रंगाचे. मूर्तीच्या गळ्यातल्या माळेचे पदरसुद्धा मोजता येतील इतके स्वच्छ. त्यांत हात दिसत होते, हातातली आयुधं दिसत होती, पायाखालचं वाहन दिसत होतं. मात्र शेंदूर, खण, फुलं, तेलाचा दिवा, पूजा करणारी बाई, यातलं काही म्हणता काही नव्हतं. आम्हाला ठाण्यात जे सांगता आलं तेवढंच नेमकं त्या फोटोंत नव्हतं, आणि जे सांगता आलं नाही ते सगळं होतं. तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. मिळेल ते वाचत गेलो, त्यातलं थोडं आज सांगतो.

फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि वर्षभरात तिचं सामान जहाजाने आपल्याकडे पोचलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात साहेबांबरोबर आपली माणसंही होती. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. त्याआधी जुन्या इमारतींची नोंद करायची तर सरकार चित्रकार पाठवत असे. त्याला महिने लागत, पैसा लागे, आणि चित्रकार आपल्या मनाने दोन रेघा इकडे तिकडे करी. कंपनी सरकारने हिशोब केला, की कॅमेरा स्वस्त पडतो आणि खोटं बोलत नाही. १८५५ साली तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई इलाख्यातर्फे विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात फोटो काढायला नेमलं. त्यांना पुन्हा पलटणीत जावं लागलं तेव्हा डॉ. पिगू नावाच्या डॉक्टरांनी ते काम पुढे नेलं. मद्रासकडे कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी तेच केलं. लष्करी अधिकारी आणि सरकारी डॉक्टर अशीच ही सारी मंडळी. जमीन मोजणारे, नकाशे काढणारे, जनगणना करणारे हात जसे सरकारचे, तसेच हेही. मुलूख ताब्यात आला की त्यात काय काय आहे याची यादी करायची, हा राज्य करणाऱ्यांचा रिवाज. त्या यादीत देवही आले.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय होतं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. हल्ली आपण खिशातून मोबाईल काढतो आणि झालं. तेव्हा काचेची पाटी घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रव्य सारखं पसरायचं, मग ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. पाटी सुकली की काम फुकट. म्हणून जिथे फोटो तिथेच काळ्या कापडाचा तंबू ठोकायचा आणि आत अंधारात बसून पाटी धुवायची. उन्हाळ्यात त्या तंबूत काय होत असेल, आणि धुण्यासाठी लागणारं चांगलं पाणी डोंगरावर कुणी वाहून नेलं असेल, याचा विचार आम्हाला पहिल्यांदा आला. फोटोखाली साहेबाचं नाव आहे. पाण्याच्या घागरी कुणी चढवल्या त्यांचं नाही.

काचेऐवजी मेण लावलेल्या कागदावरही फोटो घेत. ट्राइप तसे घेत. हा कागद आधी तयार करून ठेवता येई आणि आपल्या हवेत जास्त टिके. पण कागद असो वा काच, उजेड कमी असला तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. मूर्ती हलत नाही, माणूस हलतो. घंटा वाजवणारी, फुलं वाहणारी, प्रदक्षिणा घालणारी बाई त्या फोटोत आली तर धुरकट रेघ होऊन येणार, नाहीतर येणारच नाही. म्हणून फोटोच्या वेळी माणसं बाजूला करत. एखाद्या माणसाला मात्र मुद्दाम बसवत, खांबाला टेकवून किंवा मूर्तीच्या पायाशी. भक्त म्हणून नाही, माप कळावं म्हणून. मूर्ती केवढी उंच ते त्या माणसावरून समजे. जुन्या फोटोंत असे लंगोटी-मुंडासं घातलेले, गप्प बसलेले पुरुष पुष्कळदा दिसतात. एकदा दिसायला लागले की मग आपली नजर मूर्तीकडे जातच नाही, त्या माणसाकडे जाते.

आपल्या भागातलं यातलं मोठं नाव म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. १८४४ साली त्यांना अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून काढायला पाठवलं. ते तिथेच राहिले आणि इकडेच, १८७९ साली, वारले. भुसावळला त्यांची कबर आहे. अजिंठा गावात पारो नावाच्या बाईची कबर आहे, तीही गिल साहेबांनी बांधलेली, तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख आहे. पारोची गोष्ट कविता आणि सिनेमामुळे तुम्हाला ठाऊक असेल, ती आज सांगत नाही. गिल यांनी वर्षानुवर्षं बसून मोठाल्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या विलायतेला गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. इतक्या वर्षांचं काम एका रात्रीत गेलं.

पण मधल्या काळात गिल यांनी कॅमेरा हातात घेतला होता. अंधाऱ्या लेण्यातली रंगीत चित्रं तेव्हाच्या कॅमेऱ्याला पकडता येत नसत. ना तेवढा उजेड, ना रंग. दगडाच्या मूर्ती आणि खांब मात्र उन्हात छान उठून दिसत. म्हणून गिल यांच्या फोटोंत कोरीवकाम भरपूर आहे. १८६४ साली लंडनमध्ये त्यांचे ७४ फोटो असलेलं आपल्या लेण्यांवरचं पुस्तक निघालं. मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा. त्याच वर्षी गिल यांच्या जोडफोटोंचं दुसरं पुस्तक आलं. जोडफोटो म्हणजे शेजारी शेजारी दोन सारखे फोटो. ते दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की खांब पुढे आणि भिंत मागे, असं खरंखुरं दिसतं. जत्रेत आपण डबीत डोळा घालून सिनेमा बघायचो ना, तसलीच गंमत. लंडनच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसलेल्या मडमेला आपलं लेणं असं डोळ्यांपुढे उभं राहिलेलं दिसत होतं. तिला जोडे काढावे लागले नव्हते.

फर्ग्युसन हे मूळचे निळीचे व्यापारी. ऐन उमेदीत हिंदुस्थानभर हिंडून ते विलायतेला परतले, आणि पुढे आपण शाळेत जो देवळांचा नि लेण्यांचा इतिहास शिकलो, त्याची बरीचशी मांडणी त्यांनी तिथे बसून केली. फोटो हे त्यांचं मोठं साधन होतं. चार गावांच्या मूर्ती एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, ही सोय त्याआधी जगात कुणाला नव्हती. कुठली मूर्ती आधीची, कुठली नंतरची, कुठल्या कारागिरांची घडण कुठे पोचली, हे त्यातून कळत गेलं. हे ज्ञान खरं आहे, आणि आपल्याही कामाचं आहे. ते नाकारण्यात शहाणपणा नाही.

पण आपला माणूस त्याच मूर्तींकडे बघून वेगळं म्हणाला तर? बंगालचे राजेंद्रलाल मित्र स्वतः कलकत्त्याच्या फोटोग्राफिक सोसायटीत होते. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बोलले म्हणून १८५७ मध्ये त्यांना तिथून बाहेर काढलं. पुढे त्यांनी ओरिसाच्या देवळांवर मोठं पुस्तक लिहिलं, दगडी बांधकाम आपल्या लोकांनी ग्रीकांकडून उसनं घेतलं हे म्हणणं खोडून काढलं. त्यावर फर्ग्युसननी १८८४ साली त्यांच्याविरुद्ध अख्खं पुस्तकच छापलं. मूर्ती आमच्या, फोटो त्यांचे, आणि अर्थ कुणाचा, असं ते भांडण होतं.

अर्थाची गोष्ट निघाली म्हणून घारापुरीचं सांगतो. आपल्यातल्या बऱ्याचजणी गटाच्या सहलीला तिथे गेल्या आहेत. बेटाचं नाव घारापुरी. पोर्तुगीजांना तिथे दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी एलिफंटा म्हटलं, आणि फोटोंखाली तेच नाव चढलं. १८७१ साली जेम्स बर्जेस यांचं त्या लेण्यांवरचं पुस्तक मुंबईत निघालं, त्यात साइक्स यांनी काढलेले फोटो आहेत. चारच वर्षांनी विलायतेचा युवराज आला तेव्हा त्या लेण्यातच मेजवानी झाली. देवापुढे टेबलं मांडली, दिवे लावले, जेवणं झाली. जाऊ दे.

तिथली सगळ्यात प्रसिद्ध मूर्ती म्हणजे तीन तोंडांची, सुमारे १८ फूट उंच. फोटोंखाली तिचं नाव पडलं त्रिमूर्ती. म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. आजही लोक तेच म्हणतात. पण नीट बघा. मधला चेहरा शांत शिवाचा. आपल्या डाव्या हाताचा उग्र, मिशीवाला, तो भैरव. आणि आपल्या उजव्या हाताचा चेहरा कोवळा, ओठ भरलेले, केसांत मोती नि फुलं, हातात कमळ. त्याला तेव्हाच्या बऱ्याच लिखाणात विष्णू ठरवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी सांगितलं, की ही तिन्ही रूपं शिवाचीच आहेत आणि उजवीकडची ती उमा आहे. आम्ही सहलीला गेलो तेव्हा आमच्यातली एक, शाळेची पायरी न चढलेली, त्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली होती, "ही बाई कोण?" गाईडने तिला हसून त्रिमूर्ती समजावून सांगितली. आम्हीही हसलो होतो. आता आठवलं की लाज वाटते. तिला दगडात जे दिसलं ते बरोबर होतं, आणि आम्ही वाचलेलं नाव चुकीचं होतं.

नावाची अशी उलथापालथ सगळीकडे झाली. वेरूळच्या जैन लेण्यात हत्तीवर बसलेला यक्ष आहे, त्याला लोकांनी इंद्र म्हटलं, आणि सिंहावर बसलेल्या अंबिकेला इंद्राणी. लेण्याचं नाव पडलं इंद्रसभा, ते तसंच छापलं गेलं. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची कथा याहून वाईट. १८४५ साली वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने तिथले कोरीव दगड उकरले आणि मद्रासला नेले. १८५८ मध्ये ट्राइप यांनी त्यांचे फोटो काढले. मोडक्या शिळा रांगेने एकीला एक टेकवून उभ्या केलेल्या, आपण गोदामात पोती लावतो तशा. फोटोंच्या संग्रहाला नाव दिलं 'एलियट मार्बल्स'. ते संगमरवर नाहीत, चुनखडीचे आहेत. आणि एलियटचे तर मुळीच नाहीत. बुद्धाच्या स्तूपाचे दगड, पण नाव साहेबाचं. लगेच पुढच्या वर्षी त्यातले बरेच लंडनला रवाना झाले. तिथे ते पडून होते, काही तर घोडागाडीच्या तबेल्यात. १८६७ साली फर्ग्युसनना ते तिथे सापडले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आता आपल्या कार्ल्याकडे येतो. एकवीरा आईला न गेलेली बाई आपल्या कार्यक्रमाच्या श्रोत्यांत क्वचितच असेल. पायऱ्या चढून गेलं की समोर प्रचंड चैत्य, १२४ फुटांच्या आसपास लांब, वर दोन हजार वर्षांचं लाकूड अजून टिकलेलं. आणि चैत्याच्या अगदी तोंडाशी आईचं देऊळ. कोळी, आगरी, सीकेपी अशा कितीतरी घरांची ही कुलदेवी. बाहेर एक सिंहाचा स्तंभ आहे. तसाच दुसरा असणार आणि त्याच्याच जागी देऊळ उभं आहे, असं अभ्यासक म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात कार्ल्याचे पुष्कळ फोटो निघाले. घोड्याच्या नालासारखी कमान, आतल्या खांबांची रांग, खांबांवरचे हत्ती, दारातली स्त्री-पुरुषांची जोडपी. कॅमेरा चैत्याकडे तोंड करून उभा. देऊळ आलंच तर कडेला आलं, आणि खाली नाव लिहिलं चैत्याचं. साहेबाला प्राचीन हवं होतं. चैत्रात पालख्या नाचवत, घामाघूम होऊन येणारी माणसं त्याला मधे येणारी वाटत असावीत. त्याच्या लेखी डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक राहत होते, आजचे नव्हते. आमच्या मते या फोटोंनी एवढी एक गोष्ट पक्की केली: देव म्हणजे शिल्प, आणि शिल्प म्हणजे जिथे आता कुणी येत नाही ते. आम्हीही शाळेत हाच धडा शिकलो. 'कार्ले येथील शिल्पे' असं लिहून मार्क मिळवले, आणि त्याच सुटीत आईची ओटी भरायला त्याच पायऱ्या चढलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नाही.

आणि गंमत ऐका. त्याच डोंगराच्या पायथ्याशी मळवली स्टेशन आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत चित्रं छापायचा कारखाना काढला, आणि शतक संपता संपता तो मळवलीला आणला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची रंगीत चित्रं गावोगाव गेली. वर डोंगरावर कॅमेऱ्याने देवाला पूजेतून बाहेर काढून कागदावर नेलं, आणि खाली मळवलीत कागदावरच्या देवाला बायांनी पुन्हा पूजेत बसवलं. काच लावली, चौकट केली, काचेवर हळदकुंकू लावलं, शुक्रवारी फूल वाहिलं. ज्या बायांना, ज्या जातींच्या माणसांना गाभाऱ्याच्या उंबऱ्याआत पाऊल टाकू देत नसत, त्यांच्या घरात लक्ष्मी स्वतः आली, आणि कुणा पुजाऱ्याला विचारावं लागलं नाही. छापील चित्राने हे फार मोठं काम केलं.

आता राहिल्या त्या, ज्यांचा ना साहेबाने फोटो काढला, ना छापखान्याने चित्र छापलं. वेरूळच्या १४ व्या लेण्यात सप्तमातृका आहेत. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा, ओळीने बसलेल्या, मांडीवर-शेजारी लेकरं, पायाखाली आपापली वाहनं. बर्जेससारख्या अभ्यासकांनी हंस, नंदी, मोर, गरुड बघून एकेकीला ओळखलं आणि नोंदवून ठेवलं. चांगलंच केलं. पण आपल्या विहिरीवर, नदीच्या डोहावर साती आसरा असतात, त्यांना कुणी नोंदवलं? सात दगड, शेंदूर लावलेले, पुढे हिरव्या बांगड्या नि हळदकुंकू. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा आधी त्यांच्या पाया पडते. आसरा आणि मातृका यांचं नातं काय ते शिकलेल्यांनी ठरवावं. आम्हाला एवढंच दिसतं, की दोन्हीकडे सातजणी आहेत आणि दोन्हीकडे काळजी लेकरांचीच आहे. एकींना हात, पाय, नाक, डोळे कोरलेले, म्हणून त्यांचा फोटो निघाला. दुसऱ्या नुसत्या दगड, म्हणून त्या कुठल्याच यादीत नाहीत. रस्ता रुंद करताना जेसीबीच्या तोंडी पहिल्या त्याच जातात.

आमच्या वाडीतली देवी गेल्यावर गटात यावर तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत मुलीने सांगितलं, की तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावचा नटराज चोरून थेट ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयात विकला गेला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या देवळातल्या मूर्तींचे आधीचे फोटो होते, त्यांच्याशी ताडून बघता आलं, आणि २०१४ साली देव परत आला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल तर तिची नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी फोटो लागतात, हेही तिने सांगितलं. साहेबांनी आपल्या देवांची यादी केली ती त्यांच्यासाठी. पण यादीत असलेला देव परत मागता येतो.

हे सगळ्यांना पटलं. पण म्हाताऱ्या आजीला पटलं नाही. "फोटो काढला की तेज जातं," असं ती म्हणाली. एकीने उत्तर दिलं, "आजी, तुमच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीचा फोटोच आहे की." त्यावर आजी म्हणाली, "ती घरात आली तेव्हा मी तिला कुंकू लावलं. तुझ्या मोबाईलातल्या देवीला कुंकू कुठं लावू?" यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. आणखी एकीने वेगळीच भीती बोलून दाखवली, की फोटो एकदा मोबाईलवर फिरायला लागला की चोरालाही घरबसल्या माल दिसणार. तीही चुकीची नव्हती.

वणीच्या सप्तशृंगीचं उदाहरण निघालं. २०२२ मध्ये देवीवरचा शेंदराचा जाड थर विधिपूर्वक काढला तेव्हा आतलं मूळ रूप लोकांना दिसलं. कितीतरी बायांनी तेव्हा हात जोडून डोळ्यांत पाणी आणलं. कितीतरीजणी मात्र म्हणाल्या, की आमची देवी शेंदराचीच होती, ही वेगळी वाटते. आम्हाला दोघींचंही कळतं.

शेवटी ठरलं ते असं. वाडीने पाथरवटाकडून नवी देवी घडवून घेतली होती. शेंदराचा पहिला लेप लावायच्या आधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढले. माप कळावं म्हणून माणूस बसवायची गरज पडली नाही, शेजारी गटाचं पासबुक उभं केलं. मग लेप झाला, डोळे बसवले, नथ घातली, आणि आजीच्या सांगण्यावरून तसाही एक फोटो काढला. सगळे कागदावर छापून आणले आणि मोबाईलमधले काढून टाकले. फोटोच्या मागे देवीचं नाव, विहिरीचं नाव, नैवेद्य कुणाकडून येतो ते, आणि हात चार, असं लिहिलं. ती पाकिटं गटाच्या पेटीत ठरावाच्या वहीखाली ठेवली आहेत. ठेवण्याआधी आजीने प्रत्येक फोटोला कुंकवाचं बोट लावलं.

तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यांतल्या जुन्या मूर्ती, वीरगळ, आसरांचे दगड यांची आम्ही अशीच नोंद करतो आहोत. आतापर्यंत अकरा विहिरी झाल्या. तुमच्या गावात करायचं असेल तर आधी जी बाई रोज दिवा लावते तिला विचारा, मगच मोबाईल काढा. जुनी देवी अजून सापडलेली नाही.